ओळखीच्यांसमोरची साक्ष : ‘अरुणोदय’ ते ‘स्मृतिचित्रे’

१

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी लाभल्याची कथा आहे. प्रत्यक्ष चमत्कार आरंभीच्या काही ओळींतच संपतो. उरलेला जवळजवळ सगळा अध्याय चौकशीने व्यापलेला आहे. शेजाऱ्यांना प्रश्न पडतो, की बसून भीक मागणारा तो हाच का? कोणी म्हणतात हाच, कोणी म्हणतात याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी असेल. मग आईवडिलांना बोलावले जाते. हा आमचा मुलगा आणि हा जन्मतः आंधळा होता, एवढे ते कबूल करतात. मात्र त्याला आता कसे दिसते हे सांगण्याचे ते टाळतात, कारण सभास्थानातून बहिष्कृत होण्याची त्यांना भीती आहे. अखेर बहिष्कार त्या मुलाच्याच वाट्याला येतो.

या कथेत साक्षीचे दोन प्रकार एकमेकांसमोर उभे आहेत. ‘मी पूर्वी आंधळा होतो आणि आता पाहतो’ ही त्या माणसाची स्वतःविषयीची साक्ष हा पहिला प्रकार. ज्यांनी त्याला पूर्वी पाहिले होते त्यांची साक्ष हा दुसरा. पहिली साक्ष द्यायला सोपी, पण तिला आधार एकट्याच्या शब्दाचा. दुसरी द्यायला कठीण, कारण साक्षीदाराला तिची किंमत मोजावी लागते. परंतु झालेला बदल खरोखर झाला की नाही, हे ठरवण्याचे साधन तिच्याचजवळ असते. अनोळखी माणसाला ‘आता’ तेवढे दिसते. ‘पूर्वी’ आणि ‘आता’ यांतील अंतर मोजता येते ते फक्त ओळखीच्या माणसाला.

धर्मांतराच्या आत्मकथनांचा विचार करताना आपण बहुधा पहिल्याच प्रकारच्या साक्षीकडे लक्ष देतो. शंका, वाचन, मनाची घालमेल, निर्णय आणि बाप्तिस्मा हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’पासून तो रूढ झाला, असे सामान्यपणे मानले जाते. पण ऑगस्टीनचा ग्रंथ बाप्तिस्म्याशी थांबत नाही, ही गोष्ट या मांडणीत निसटते. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे बाप्तिस्मा घेऊन तो पुढच्याच वर्षी आफ्रिकेत, म्हणजे ज्या प्रदेशाने त्याला मानी पंथाचा अनुयायी म्हणून पाहिले होते त्या प्रदेशात परतला. ग्रंथ लिहायला घेतला तेव्हा तो तेथेच धर्माधिकारी होता, आणि त्याचा पूर्वेतिहास विरोधकांना चांगला ठाऊक होता. दहाव्या भागात तो विषय बदलतो. मी कोण होतो हे सांगून झाले, आता मी कोण आहे हे लोकांना जाणून घ्यायचे आहे, असा प्रश्न तो स्वतःपुढे ठेवतो. आणि त्याचे उत्तर म्हणून अजून न जिंकलेल्या मोहांची यादी देतो. बदल पूर्ण झाल्याचा दावा तो करीत नाही.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या साक्षीचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी ख्रिस्ती लेखनात घ्यावयाचा आहे. धर्मांतरित व्यक्तीची खरी परीक्षा तिचा भूतकाळ जाणणाऱ्यांसमोर होते, हे या लेखनातल्या सर्वांनाच माहीत होते. मात्र ती परीक्षा कोणाच्या मुखाने सांगितली जाते यावर संहितेचे स्वरूप बदलते. ‘स्मृतिचित्रे’चे मराठीतील वेगळेपण माझ्या मते येथे आहे. त्या ग्रंथात साक्ष धर्मांतरित व्यक्ती देत नाही. तिचा भूतकाळ सर्वांत जवळून पाहिलेली व्यक्ती ती देते.

२

मुंबई इलाख्यातील परिस्थिती प्रथम ध्यानात घ्यावी लागेल. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या आश्रयाला राहिला होता. तो अज्ञान असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पण ताबा मिळाला तरी जात मिळत नव्हती. मिशनऱ्यांकडे राहून अन्नपाणी घेतलेल्या मुलाला परत पंक्तीत घ्यावयाचे काय, यावर ब्राह्मणवर्गात मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. या प्रकरणात श्रीपतच्या मनात काय होते, हा प्रश्न कोणाच्याच दृष्टीने महत्त्वाचा नव्हता. त्याला ओळखणाऱ्यांनी त्याचे काय करायचे, एवढाच वाद होता. पूर्वायुष्य जाणणारा समाज केवळ प्रेक्षक नसतो; परत घेण्याचा किंवा न घेण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो, हे या घटनेने स्पष्ट केले.

याच समाजात १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदी मंडळींची ही सभा जातिभेद मानीत नव्हती. प्रवेश घेणाऱ्याला निषिद्ध मानलेले पदार्थ, विशेषतः पाव, सर्वांसमक्ष खावा लागे. मात्र ‘सर्व’ म्हणजे सभेचे सभासद. घरी, जातीत, गावी या गोष्टीची वाच्यता होऊ द्यायची नव्हती. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विसर्जित झाली. सभेच्या विचारात उणीव असल्यामुळे ती मोडली, असे म्हणता येत नाही. ज्यांना आपला भूतकाळ माहीत आहे त्यांच्यासमोर आपला वर्तमान उघड करण्याची तयारी सभासदांपाशी नव्हती, म्हणून ती मोडली.

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) काही काळ या सभेत होते. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्थळ महत्त्वाचे आहे. बेळगाव हे त्यांचे जन्मगाव. नातलग, जातभाई, बालमित्र तेथे होते. मुंबईच्या गर्दीत जे तुलनेने निभावले असते, ते जन्मगावी निभावणे अवघड होते. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ मुख्यतः या बाप्तिस्म्यापर्यंतच्या प्रवासाचे कथन करते. सत्तावन्न वर्षांचा निवेदक तेवीस वर्षांच्या आतल्या स्वतःची हकिगत सांगतो. शीर्षकातच रचनेचे तत्त्व आहे: आधी रात्र, मग पहाट. बालपणीची व्रते, उपासना, देवघर, यात्रा यांची वर्णने बारकाईने येतात, पण उजाडल्यानंतरच्या प्रकाशात पाहिलेली रात्र म्हणून येतात. निवेदकाचा निवाडा आधीच झालेला आहे.

या रचनेचे दोन परिणाम होतात. पहिला लाभाचा आहे. ज्या आयुष्याचा त्याग केला त्याचे वर्णन करताना पदमनजींची लेखणी तपशिलात रमते, आणि म्हणून ‘अरुणोदय’ हा त्या काळच्या घरगुती धर्माचारांचा मोलाचा दस्तऐवज ठरतो. दुसरा परिणाम मर्यादेचा. ‘पूर्वी’ आणि ‘आता’ या दोन्हींविषयीची साक्ष एकाच मुखातून येते. पदमनजींना लहानपणापासून ओळखणारे लोक या ग्रंथात आहेत, पण अडथळा म्हणून, विनवणी करणारे म्हणून, रडणारे म्हणून. पुढच्या पन्नास वर्षांत या लोकांना पदमनजी कसे दिसले, हे ‘अरुणोदय’ सांगत नाही; त्याच्या आराखड्यात त्याला जागाच नाही. सूर्य उगवला की पहाटेची गोष्ट संपते. दिवसभर काय झाले, हा निराळ्या ग्रंथाचा विषय होतो.

३

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा ‘दिवस’ सार्वजनिक रीतीने उलगडला. रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या त्या कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरविलेल्या संस्कृत पंडिता म्हणून. आर्य महिला समाजाची स्थापना, स्त्रियांच्या सभा, ‘स्त्रीधर्मनीति’चे प्रकाशन, हंटर आयोगापुढील साक्ष हे सारे त्याच एका वर्षातले. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या १९१० मधील ग्रंथात त्या दिवसांतील पुण्याच्या सुधारक घरांची वर्दळ दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना ओळखणारे सर्व लोक त्या वेळी हजारो मैलांवर होते.

वाँटेजच्या मठातील भगिनी आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना एक गोष्ट जाणवते. रमाबाईंचा शाकाहार कायम होता, आणि क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत असा त्यांचा आग्रह होता. भगिनींना यात अहंकाराचा अवशेष दिसे. भूतकाळ पुरता सुटलेला नाही, असा त्यांचा समज होई. म्हणजे नव्या मंडळींना रमाबाईंचा भूतकाळ जास्त वाटत होता. १८८९ मध्ये त्या परत आल्यावर जुन्या मंडळींना तोच भूतकाळ हरवल्यासारखा वाटणार होता. धर्मांतरित व्यक्तीची ही दुहेरी अडचण आहे, आणि रमाबाईंनी दोन्ही बाजूंना जवळपास एकच उत्तर दिले: मी जी होते ती आहेच, आणि जी झाले तीही आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले; पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. विधवांच्या शिक्षणासाठी निघालेल्या या संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. १८९३ मध्ये वाद विकोपाला गेला. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. हे दार बंद ठेवण्यास रमाबाई तयार नव्हत्या. रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाचा निवाडा करणे हा येथे उद्देश नाही. पालकांची तक्रार पोकळ नव्हती. आश्रित विधवेवर संस्थाचालिकेच्या आचरणाचा जो प्रभाव पडतो, त्याला केवळ ‘आचरण’ म्हणून सोडून देता येत नाही. पुढे सदनातील काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलाही. आपल्याला पाहायचे आहे ते हे, की वादाचा केंद्रबिंदू प्रवचन नव्हता, पुस्तकवाटप नव्हते; उघडे दार होते. श्रद्धा बाळगण्याची मुभा रमाबाईंना सगळेच देत होते. ती दिसू देण्याची मुभा कोणी देत नव्हते. परमहंस सभेने ज्या दारामागे आपले आयुष्य काढले, ते दार बंद करण्याचे रमाबाईंनी नाकारले, असे म्हटले तर या दोन घटनांतील नाते स्पष्ट होईल.

रमाबाईंविषयीची सर्वांत विश्वासार्ह साक्ष त्यांच्या स्वतःच्या १९०७ मधील ‘टेस्टिमनी’त शोधण्यापेक्षा आनंदीबाई कर्वे यांच्या ‘माझे पुराण’ या १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात शोधावी असे वाटते. शारदासदनात येणाऱ्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाई सदनात वाढल्या, ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि १८९३ मध्ये, म्हणजे वादाच्याच वर्षी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्यांना रमाबाईंच्या बाजूने बोलण्याचे धार्मिक कारण नव्हते. तरीही सदनाविषयी त्या कृतज्ञतेने लिहितात. दार उघडे होते, त्या आत होत्या, आणि त्या ज्या धर्मात आल्या होत्या त्याच धर्मात बाहेर पडल्या. अशी साक्ष धर्मांतरित व्यक्ती स्वतःविषयी कधीच देऊ शकत नाही.

४

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी विवाह. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. म्हणजे टिळकांच्या बाप्तिस्म्याआधीची सुमारे पंधरा वर्षे आणि नंतरची चोवीस वर्षे, १९१९ मधील मृत्यूपर्यंत, एकाच व्यक्तीने पाहिली. शिवाय मधली काही वर्षे तिने हा माणूस पत्नी म्हणून, पण धर्माने परकी म्हणून पाहिला. मराठीत अशा स्थानावरून लिहिलेला दुसरा तोलामोलाचा ग्रंथ मला ठाऊक नाही.

मराठी समीक्षेने या ग्रंथाचे कौतुक भरपूर केले आहे. त्याची सहजता, प्रांजळपणा, नर्मविनोद यांविषयी लिहिले गेले आहे. परंतु विनोद हा शैलीचा गुण आणि धर्म हा आशयाचा भाग, अशी विभागणी करून हे कौतुक होते. परिणामी अनेक वाचकांना तो एका विलक्षण दांपत्याच्या संसाराची गोड कहाणी वाटतो आणि धर्मांतर हा त्यातील एक प्रसंग ठरतो. ख्रिस्ती वाचक याच ग्रंथाकडे श्रद्धेचा दस्तऐवज म्हणून पाहतो, तेव्हा विनोद हा त्याला आनुषंगिक वाटतो. माझ्या मते या ग्रंथात विनोद हेच साक्षीचे रूप आहे. तो भूतकाळ जाणणाऱ्या व्यक्तीचा स्वर आहे.

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा करतात. हिंदू टिळकांनाही ‘टिळक’ आणि ख्रिस्ती टिळकांनाही ‘टिळक’. नीळकंठशास्त्री गोरे बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोरे झाले. टिळकांच्या बाबतीत नाव बदलले नाही, आणि निवेदनातही ते बदलत नाही. बाप्तिस्म्यापूर्वी टिळक घरातून न सांगता निघून जातात, हातातले पैसे भलत्यालाच देऊन टाकतात, भडकतात आणि लगेच विरघळतात. बाप्तिस्म्यानंतरही टिळक भडकतात आणि विरघळतात, आणि पैसा त्यांच्या हातात टिकत नाही. ‘अरुणोदया’च्या रचनेत ही सलगता अडचणीची ठरली असती, कारण रात्रीचे काही दिवसा उरायला नको. लक्ष्मीबाईंना ती अडचणीची वाटत नाही. तो माणूस तोच आहे हे त्या सांगतात, आणि म्हणूनच तो बदलला हे त्या सांगतात तेव्हा त्यावर विश्वास बसतो.

बदल मग कोठे आहे? तो स्वभावात शोधू गेले तर फारसा सापडणार नाही. घराच्या उंबरठ्यावर पाहिले तर दिसतो. या घरात कोण येऊ शकतो, कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाची पोरे आपली मानायची, हे बदलते. टिळकांचे औदार्य जुनेच होते. त्याला जातीची कुंपणे होती ती निघाली. अनाथ मुले, विद्यार्थी, पोरके कवी या घरात येऊ लागले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ते हिंदूच राहिले, अहमदनगरला टिळकांच्या घरी मुलासारखे वावरले, आणि त्यांचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी आईच्या नजरेने टिपले आहेत.

या बदलाची पूर्वतयारी ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणांत आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या सोवळ्याने वेडाचे रूप घेतले. घरात येणारी वस्तू धुतल्याखेरीज त्यांना चालेना. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात, पण त्या हसण्यात त्या घरातल्या मुलांची आणि आईची फरफट लपत नाही. पुढे याच मुलीच्या मनात प्रश्न उभा राहतो, की जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनीच केल्या असे तिला पटते, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निर्णय ती घेते. हे घडते बाप्तिस्म्याच्या आधी. ख्रिस्ती व्हायचे म्हणून तिने सोवळे सोडले नाही. सोवळे सुटले, आणि मग ख्रिस्ती होण्यातला मोठा अडसर उरला नाही. धर्मांतरकथेच्या रूढ क्रमाची ही उलटापालट आहे. ज्या वडिलांचे सोवळे वर्णन केले त्याच स्वरात या निर्णयाचेही वर्णन येते. दोन्हीकडे निवेदकाचा सूर उंचावत नाही.

मधल्या वर्षांचा विचार केल्याशिवाय ही साक्ष पुरती समजणार नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना माहेरच्या मंडळींनी सांभाळले. काही काळ त्या पंढरपुरासारख्या क्षेत्री राहिल्या. त्या दुःखातच त्यांच्या हातून कविता लिहिली गेली. कायदा या वेळी टिळकांच्या बाजूने होता. १८६६ च्या नेटिव्ह कन्व्हर्ट्स मॅरेज डिसोल्यूशन अॅक्टनुसार, धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला विवाहविच्छेदासाठी न्यायालयात जाता येत होते. म्हणजे भूतकाळ जाणणाऱ्या सर्वांत जवळच्या साक्षीदारापासून कायदेशीर सुटका करून घेऊन नवे आयुष्य सुरू करण्याची सोय होती. टिळकांनी ती वापरली नाही. ते वाट पाहत राहिले, पत्रे लिहीत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही आपला आचार सांभाळून राहण्याची त्यांना मोकळीक होती. आधी एकत्र राहणे, श्रद्धेचे पुढे पाहू, असा हा क्रम होता.

येथे टिळकांचा मोठेपणा सांगण्याचा मोह होतो, आणि चरित्रकारांनी तो सांगितलाही आहे. ‘स्मृतिचित्रे’ मात्र या मोहापासून दूर राहते. टिळकांच्या निर्णयाने आपली काय दशा झाली, हे लक्ष्मीबाई झाकत नाहीत. पतीने न विचारता आयुष्य उलटेपालटे केले, आणि त्या उलथापालथीला अर्थ देण्याचे काम पत्नीच्या वाट्याला आले, ही विषमता ग्रंथाच्या पानोपानी आहे. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, म्हणून मागचे दुःख त्यांना मिथ्या वाटले असे होत नाही. साक्षीदार उलटतपासणीलाही उभा राहतो, तेव्हाच त्याच्या साक्षीला वजन येते. लक्ष्मीबाईंची साक्ष टिळकांच्या बाजूची आहे, पण ती टिळकांवरच्या आरोपांसकट दिलेली आहे. हसत केलेला आरोप हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य आहे. विनोद म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो तो पुष्कळदा हा आरोप असतो.

टिळकांच्या काव्याकडे पाहण्याच्या आपल्या रीतीवरही यातून प्रकाश पडतो. फुलामुलांचे कवी टिळक आणि ‘अभंगांजली’चे, ‘ख्रिस्तायना’चे कवी टिळक अशी फाळणी मराठी समीक्षेत रूढ झाली आहे. पहिले टिळक आपल्या काव्यपरंपरेत, दुसरे मंडळींच्या उपासनेत. ही फाळणी करताना आपण नकळत ‘अरुणोदया’चाच आराखडा उलटा करून वापरतो. टिळकांना स्वतःला ती मान्य झाली नसती. तुकारामाला आपण ख्रिस्ताकडे नेणारा सेतू मानतो, असे ते सांगत. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात, जेथे ठोमऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते वडीलधारे कवी म्हणूनच वावरले. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून संन्यस्त वृत्तीने त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. आयुष्याच्या अखेरीस टिळकांनी जी मंडळी कल्पिली ती भूतकाळासकट येणाऱ्यांची होती. आणि त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले, ही गोष्टही त्या साक्षीचाच एक भाग मानावी लागेल.

५

वरील विवेचनाला एक मोठी मर्यादा आहे आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. शेषाद्री, गोरे, रमाबाई, टिळक हे सारे ब्राह्मण होते, पदमनजी कासार. मात्र अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळींमध्ये बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्या बाबतीत ‘ओळखीच्यांसमोरची साक्ष’ या शब्दांचा अर्थच बदलतो. ब्राह्मण ख्रिस्ती होतो तेव्हा गाव म्हणते, हा आता आपला राहिला नाही. महार ख्रिस्ती होतो तेव्हा गाव म्हणते, हा अजून तोच आहे. पहिल्याला बहिष्कार मिळतो. दुसऱ्याला तो आधीपासूनच होता. पहिल्याने भूतकाळ सोडला असा आरोप होतो, आणि दुसऱ्याला भूतकाळ सोडूच दिला जात नाही. बलुते, वेस, पाणवठा यांच्या व्यवहारात त्याची जुनी ओळखच चालू राहते. कधी कधी नव्या मंडळीतही ती त्याची पाठ सोडत नाही.

त्यामुळे उंबरठा ओलांडून टिळकांच्या घरात आलेल्या मुलांना ते घर कसे दिसले, हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाल्यावरही उरतो. लक्ष्मीबाईंनी ती मुले पाहिली, त्यांना न्हाऊमाखू घातले, आणि पाहिले ते लिहिले. पण त्या मुलांनी लक्ष्मीबाईंना पाहिले होते, आणि ते लिहिले गेलेले नाही. सोवळे धुऊन निघाले की नाही, हे धुणाऱ्यापेक्षा ज्याच्यासमोर ते पाळले गेले त्याला अधिक नेमके कळते. दलित ख्रिस्ती कुटुंबांतील आठवणी, मंडळ्यांची दप्तरे, १८४२ पासूनचे ‘ज्ञानोदया’चे अंक यांचे वाचन या दृष्टीने व्हायला हवे. मिशनच्या यशापयशाचा पुरावा म्हणून ते पुष्कळ वाचले गेले. शेजाऱ्यांची साक्ष म्हणून ते वाचायचे राहिले आहे.

आरंभीच्या कथेकडे पुन्हा वळू. त्या जन्मांधाच्या आईवडिलांनी, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा, असे सांगून आपली सुटका करून घेतली. मराठी ख्रिस्ती आत्मकथनांत बहुतेकांनी हेच केले, किंवा त्यांना हेच करावे लागले: ज्याचे त्याने सांगावे. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. हा पूर्वी कसा होता हे मला माहीत आहे, आता कसा आहे तेही मी पाहते, आणि यात माझे काय झाले तेही सांगते, असे म्हणून त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या ग्रंथात धर्मांतर हा एका दिवसाचा प्रसंग राहत नाही. रोज त्याच माणसांमध्ये उठून, त्याच स्वभावानिशी, पाणी कोणाला द्यायचे आणि दार कोणासाठी उघडायचे हे नव्याने ठरवत जगलेले चोवीस वर्षांचे आयुष्य होते. त्याची नोंद करणारी व्यक्ती त्याच घरात होती, हे मराठी साहित्याचे भाग्य. ज्या असंख्य घरांत अशी नोंद करणारे कोणी नव्हते, त्यांच्यापर्यंत पोचणे हे अभ्यासकांचे शिल्लक राहिलेले काम आहे.